चौदा आटे

"मग पाणी जातं कुठं, चाचा?"

मगदूम साहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारताना ते उभे होते, दुसऱ्यांदाही उभेच होते. आता त्यांनी कमरेवरचे हात तेवढे खाली घेतले.

दस्तगीर चाचा ताटात तांदूळ घेऊन खडे निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"टाकी भरलेली आहे. टाकीतून पाणी सुटतं. टेकडीखाली हत्तीबावडीपर्यंत येतं, मी स्वतः बघितलंय. तिथून पुढे गवळीटेकला थेंब नाही. गळती म्हणावी तर तीही सापडत नाही. दोन ठिकाणी खणून पाहिलं."

"तीन," मी म्हणालो. "तिसरा खड्डा माझ्या दारात आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मोठ्या साहेबांना निवृत्त मास्तर दिसत नाहीत, याची मला सवय आहे.

मी गवळीटेकवर राहतो. शाळेत चित्रकला शिकवायचो. आता सकाळचा वेळ चाचांच्या तकियात घालवतो. तकिया म्हणजे एका जुन्या फकिराची बसायची जागा. एक कबर, एक निंब, पत्र्याची एक खोली, पुढे ओटा. बाकी काही नाही.

चाचा फकीर नव्हेत. पालिकेत ते एकतीस वर्षं चावीवाले होते. रस्त्याखालचे पाण्याचे व्हॉल्व्ह लोखंडी चावीनं रोज उघडायचे आणि रोज बंद करायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर इथं येऊन झाडलोट करू लागले. मग लोकच येऊन त्यांना काहीबाही विचारायला लागले. चाचा बोलतात कमी, त्यामुळे लोकांना ते फार मोठे वाटतात.

मगदूम साहेब नोकरीत नवे होते तेव्हा एक उन्हाळाभर चाचांच्या मागे फिरले होते. कुठली लाइन कुठून जाते हे शिकायला. तेव्हा ते चाचांच्या डब्यातली भाकरी खायचे. आता पाणीपुरवठ्याचं अख्खं खातं त्यांच्या हाताखाली आहे.

"बस की," चाचा म्हणाले.

"वेळ नाही."

"बरं."

...

पालिकेचा संप बावीस दिवस चालला. त्यात कोण जिंकलं, हे मला अजून कळलेलं नाही. गुलाल कुणीच उधळला नाही, एवढं खरं. सोमवारी कामगार परत आले. मान खाली घालून आले आणि मान खाली घालूनच कामाला लागले.

कचरा उचलला गेला. दिवे लागले. मेलेली कुत्री एकदाची गेली. जन्माचे आणि मृत्यूचे दाखले पुन्हा मिळू लागले. शनिवार उजाडेपर्यंत शहर बऱ्यापैकी शहरासारखं दिसायला लागलं होतं.

फक्त गवळीटेकला पाणी नव्हतं.

संपात नव्हतं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. संपच होता, टाकीच भरत नव्हती. पण संप मिटून सहा दिवस झाले तरी नळ कोरडे ते कोरडेच. हत्तीबावडीपासून वर यायला ब्याण्णव पायऱ्या आहेत. माझी बायको पासष्ट वर्षांची आहे. ती खालून घागर भरून दिवसाला तीन खेपा करते, मी दोन करतो आणि नंतर तासभर पडून राहतो. आम्ही सगळेच इतके दमलोय की भांडायचंही बंद झालंय. नळावर भांडण नाही, असा आमच्या वस्तीतला हा पहिला महिना.

"मी कशाला आलोय ते सांगतो," साहेब म्हणाले. "उद्या सकाळी जेसीबी लावतोय. हत्तीबावडी ते गवळीटेक, जुनी लाइन पूर्ण उखडायची आणि नवी टाकायची. नऊ दिवसांचं काम आहे. लाइन तुमच्या अंगणातून जाते. कबरीपासून किती लांब आहे तेवढं सांगा. उगाच कबरीला धक्का लागला तर गावभर बोंब होईल."

"हातभर," चाचा म्हणाले. "उशाकडनं जाती."

"नऊ दिवस?" मी म्हणालो. "आणि तोवर आम्ही काय प्यायचं?"

"टँकर देतो."

"टँकर पायऱ्या चढतो का साहेब?"

या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे लाल होते. दाढी वाढली होती. मला त्यांचा राग आला होता, तो जरा कमी झाला. हा माणूसही अठ्ठावीस दिवस झोपलेला नव्हता.

"मास्तर, मला हौस आहे का? सोमवारी आयुक्तांना उत्तर द्यायचंय. सगळं शहर सुरू केलं मी. संपात इंजिनिअर घेऊन उभा राहिलो, रस्त्यावर, पोलिसांच्या बरोबर. एवढी एक टेकडी तेवढी..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं.

चाचांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"व्हॉल्व्ह कोण फिरवतं?"

"कुठला?"

"हत्तीबावडीचा. गवळीटेकला पाणी सोडायचा."

"ठेकेदाराची दोन माणसं. मी स्वतः वर उभा असतो."

"आणि वायदंडे?"

"वायदंडे बाजूला उभा असतो. नियमाप्रमाणे हजर ठेवावा लागतो. आत्ताही आणलाय, तिकडे गाडीपाशी आहे."

फाटकाबाहेर साहेबांची जीप होती. जीपच्या सावलीत हणमंत वायदंडे उकिडवा बसला होता. हत्तीबावडीचा चावीवाला. चाचांनीच त्याला तयार केलेला. राहतो गवळीटेकवरच, माझ्यापेक्षा तीन घरं खाली.

"चावी?"

"चावी माझ्या गाडीत असते."



चावीचं काय झालं ते मी पाहिलेलं आहे. संपाच्या तिसऱ्या दिवशी वायदंडे हत्तीबावडीच्या खड्ड्यावर झाकण ओढून त्यावर बसला होता, मांडीवर चावी घेऊन. चांगली हातभर लोखंडी चावी. मगदूम साहेब पोलीस घेऊन आले. लोक जमले होते. साहेबांनी त्याच्या मांडीवरची चावी ओढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी सोडायला काय अक्कल लागते? लोखंड तर फिरवायचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला पाणी हवं होतं.

"कुठल्या बाजूला फिरवतोस?" चाचांनी विचारलं.

साहेबांना हसू आलं, पण ते हसू थकलेलं होतं. "चाचा, मी इंजिनिअर आहे. सकाळी सातला डावीकडे चौदा आटे. उघडला. अकराला उजवीकडे चौदा आटे. बंद. एक आटा म्हणजे चावीचा एक पूर्ण फेरा, हे तुम्हीच शिकवलंत. चौदा म्हणजे चौदा फिरतात, मध्ये कुठे अडकत नाही. रोजची नोंद ठेवलीय. व्हॉल्व्हमध्ये दोष नाही, लाइनमध्येच आहे."

चाचांचा हात ताटात थांबला.

त्यांनी साहेबांकडे बघितलं. मग फाटकाबाहेर, जीपच्या सावलीकडे बघितलं. मग डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये.

"तू उघडतोस," चाचा म्हणाले, "म्हणून ते बंद होतं."

...

"आणि तू बंद करतोस, तवा उघडतं."

साहेबांनी हात जोडले. भक्तीनं नव्हे.

"चाचा, माझ्यावर दया करा. अध्यात्म नंतर ऐकतो. मला आत्ता पाण्याचं सांगा."

"पाण्याचंच सांगतोय."

"म्हणजे मी प्रयत्न सोडून देऊ? पाणी आपोआप वर चढेल?"

"मी असं कधी म्हटलं?"

खरं सांगायचं तर मलाही वाटलं की चाचा आज फकिरीत शिरले. आमच्या घशाला कोरड पडलीय आणि हे कोडी घालतायत. मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या घातल्या.

"सरळ सांगा ना," मी म्हणालो.

"सरळच सांगितलं मास्तर. ह्यापेक्षा सरळ मला येत न्हाई." चाचांनी ताट बाजूला सारलं. "आणि आता ती चावी माझी न्हाई. ज्याची हाय त्याला विचार, मगदूम. बाहेर बसलाय."

"वायदंडेला?"

"त्यालाच."

"वायदंडेला काय विचारायचं? सहा दिवस शेजारी उभा आहे, एक शब्द बोललेला नाही."

"का न्हाई बोलला?"

उत्तर मला माहीत होतं, सगळ्या पालिकेला माहीत होतं. सोमवारी कामगार परत आले त्याच दुपारी साहेबांनी एक पत्रक काढलं होतं. व्हॉल्व्हला आदेशाशिवाय कुणी हात लावायचा नाही. तोंडी सूचना कुणी द्यायच्या नाहीत आणि कुणी घ्यायच्याही नाहीत. संपात कामगारांनी फार तोंड चालवलं होतं, त्याचं हे उत्तर होतं.

साहेबांचा फोन वाजला. जेसीबीवाला होता. रविवारी मशीन आणायचं तर आत्ताच पक्कं सांगा, म्हणत होता. साहेब म्हणाले, "दहा मिनिटांत सांगतो."

मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकराला टाकीचं पाणी बंद होतं.

साहेब ताडताड फाटकाकडे गेले.

वायदंडे उठून उभा राहिला. साहेब त्याच्यासमोर, कमरेवर हात.

"वायदंडे, या व्हॉल्व्हबद्दल तुला काय माहिती आहे? असेल ते सांग."

वायदंडेनं खाली बघितलं.

"लेखी द्या साहेब."

"काय?"

"तोंडी चालत न्हाई म्हणून पत्रक हाय. तुमीच काढलंय. माझी सही हाय त्याच्यावर."

एरवी मी हसलो असतो. पण वायदंडेच्या आवाजात टोमणा नव्हता. तो फक्त दमलेला होता, आम्हा सगळ्यांसारखाच.

साहेब परत आले तेव्हा त्यांचे कान तापले होते.

"बघितलंत? ऐकलंत? ही माणसं! बावीस दिवस शहर वेठीला धरलं, आता हे. आणि तुम्ही मला सांगता, विचार!"

"काय विचारलंस त्याला?"

"तुम्ही ऐकलंय. काय माहिती आहे ते सांग, म्हटलं."

"ते झडती घेणं झालं," चाचा म्हणाले. "विचार म्हटलं मी."

"मग कसं विचारू? पाया पडू?"

"नको. पाया पडून पाणी येत न्हाई."

"मग?"

"त्याला काय येतं, ते विचारू नको. तुला काय येत न्हाई, ते सांग त्याला."

...

साहेब निंबाखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त माझ्या बायकोची आली. ती या वेळी तिसरी खेप घेऊन पायऱ्या चढत असणार. मला ओरडावंसं वाटत होतं, "अहो, विचारा एकदाचं! तुमचा मान तुमच्यापाशी राहू दे, आम्हाला एक घागर पाणी द्या!" पण मास्तरकीची सवय. मी घड्याळाकडे बघितलं.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

साहेब पुन्हा फाटकाकडे गेले. या वेळी हळू गेले.

वायदंडे उठायला लागला. साहेबांनी हातानं त्याला बस म्हणून खुणावलं. मग स्वतः खाली बसले. जीपच्या चाकाला पाठ टेकून, धुळीत. त्यांची पँट पांढऱ्या रंगाची होती, हे मला उगाचच लक्षात राहिलंय.



"हणमंतराव," साहेब म्हणाले, "मला तो व्हॉल्व्ह येत नाही."

वायदंडेनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"मी रोज उघडतो आणि पाणी येत नाही. मला कळत नाही का ते. उद्या मी सगळी लाइन उखडून टाकणार आहे आणि मला आतून वाटतंय की लाइनला काही झालेलं नाही." ते थांबले. "मला दाखवा."

माझ्या मनात आलं, आता हा पुन्हा लेखी मागणार. त्याला तसा हक्कही होता.

तो उठला. गाडीच्या मागच्या बाजूला गेला आणि थांबला. साहेबांकडे बघितलं.

साहेबांनी मान हलवली. वायदंडेनं चावी काढून घेतली, खांद्यावर टाकली.

"बूट काढा साहेब," तो म्हणाला. "खाली चिखल हाय."

...

हत्तीबावडीचा खड्डा तकियापासून पन्नास पावलांवर आहे. मीही गेलो. चाचा आले नाहीत, त्यांनी तांदळाचं ताट पुन्हा पुढे ओढलं होतं.

बाकीच्या व्हॉल्व्हना लांब चावी लागते, ते रस्त्यावर उभं राहून फिरवता येतात. हा जुना आणि खोल. त्याला आत उतरावंच लागतं. साहेब सहा दिवस काठावर उभे राहून आटे मोजत होते. आज ते पहिल्यांदा उतरले. पोटऱ्यांपर्यंत चिखल आला. एक झुरळ त्यांच्या हातावरून गेलं, तेव्हा ते दचकले. वायदंडे आधीच खाली उतरून उभा होता.

चावी बसवली.

"धरा."

साहेबांनी दोन्ही हातांनी चावी धरली आणि सवयीनं डावीकडे जोर लावला. चावी हलली नाही.

"न्हाई जायची," वायदंडे म्हणाला. "बंद हाय त्यो. आज सकाळी तुमीच बंद केलासा. आता उजवीकडं घ्या."

"उजवीकडे?"

"उलटा हाय त्यो साहेब. शहरात एवढा एकच. चाचांच्या टायमाला भर उन्हाळ्यात जुना व्हॉल्व्ह फुटला, तवा कुठल्यातरी बंद गिरणीतनं आणून बसवला. तात्पुरता. त्याचे आटे उलटे हायत. उजवीकडं उघडतोय, डावीकडं बंद."

साहेबांचे हात चावीवर तसेच राहिले.

मला ते समजायला थोडा वेळ लागला. रोज सकाळी सातला, टाकीतून पाणी सुटलं की साहेब आमचा व्हॉल्व्ह मोजून चौदा आटे बंद करत होते. अकराला टाकी बंद झाली की मोजून चौदा आटे उघडत होते. एक आटा कमी नाही, एक जास्त नाही. नोंदवहीत सगळं बरोबर होतं.

"कुठे लिहिलेलं नाही हे?" साहेबांचा आवाज खड्ड्यातून आला, म्हणून असेल, फार लांबून आल्यासारखा वाटला.

"न्हाई. चाचांनी मला सांगितलं, मी आता तुमाला सांगितलं."

"सहा दिवस..."

"एक आटा घ्या. हां. थांबा."

"का?"

"महिनाभर लाइन कोरडी हाय. आत हवा भरलीय. एकदम सोडलं तर खरंच फुटंल. हवा जाऊ दे."

ते थांबले. दोघंही. मग पुन्हा एक आटा, पुन्हा थांबले. वायदंडेनं साहेबांचा हात धरून चावीच्या दांड्यावर खाली नेला आणि तिथं दाबून ठेवला.

"लागतंय का हाताला?"

"काय?"

"आता लागंल."

मग साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी काही सांगितलं नाही, पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

चौदा आटे व्हायला वीस मिनिटं लागली. शेवटचे तीन आटे साहेबांच्यानं होईनात. त्यांना धाप लागली. वायदंडेनं त्यांच्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून पुरे केले.

आणि मग वरून, गवळीटेकवरून, आधी नळ खाकरल्याचा आवाज आला. एका घरातून, मग दुसऱ्यातून. मग बायकांचा गलका. कुणीतरी थाळी वाजवत होतं. कोणाची तरी सासू ओरडत होती, "आगं पिंप लाव, पिंप लाव आधी!" आणि लगेच भांडण सुरू झालं. नळावरचं भांडण. अठ्ठावीस दिवसांनी.

मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात रडायची लाज वाटते, म्हणून मी चष्मा पुसला.

मग मला राग आला. वायदंडे खड्ड्यातून वर आला तेव्हा मी त्याला गाठलं.

"हणमंत, अरे, तुझी बायको माझ्या बायकोबरोबर घागरी वाहते. तुला माहीत होतं आणि तू सहा दिवस गप्प बसलास?"

त्यानं हाताचा चिखल रस्त्याच्या कडेला पुसला.

"पहिल्या दिवशी बोललो की मास्तर. 'साहेब, त्यो जरा' एवढंच तोंडातनं निघालं. साहेब म्हणाले, गप उभा ऱ्हा." तो थोडा थांबला. "तवा म्हटलं, ऱ्हातो. बघू किती दिवस लोखंड फिरवतायत."

"आणि घरी?"

"घरी कुणाला सांगितलं न्हाई. ती घागर घेऊन दारात आली की मी भिंतीकडं तोंड करून निजायचो."

टाळी वाजवणारा मी, मी कोणत्या तोंडानं बोलणार होतो?

साहेब काठावर अनवाणी बसले होते. त्यांनी हे सगळं ऐकलं. मग फोन काढला आणि जेसीबीवाल्याला सांगितलं, येऊ नको.

...

आम्ही तिघं तकियात परतलो. चाचांचे तांदूळ निवडून झाले होते. खोलीतून चुलीचा धूर येत होता.

साहेब आपण होऊन ओट्यावर बसले. वायदंडे खाली पायरीवर बसला. साहेबांनी सरकून त्याला वर जागा केली. वायदंडेनं बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि पायरीवरच बसून राहिला. सगळं काही एका सकाळीत होत नाही. चावी मात्र त्याच्या मांडीवर होती आणि ती कुणी मागितली नाही.

"तुम्ही सांगितलं होतंत, चाचा," साहेब म्हणाले. "अगदी सरळ सांगितलं होतंत."

चाचांनी मान डोलावली.

"मला वाटलं, तुम्ही उपदेश करताय."

"मला कुठला उपदेश येतोय? मी व्हॉल्व्हचं सांगत होतो."

साहेब हसले. पोटभर नाही, पण हसले. मग हळूहळू त्यांच्या अंगात पुन्हा साहेब संचारला. पाठ ताठ झाली. खिशातून पेन निघालं.

"एक गोष्ट मात्र पक्की. हे असं तोंडातोंडी ठेवून चालणार नाही. उद्याच्या उद्या पाटी लावतो. हत्तीबावडीच्या चौकात, रस्त्यावर, चांगली चार फुटांची. लाल अक्षरात. व्हॉल्व्ह उलटा आहे, उजवीकडे उघडतो, चौदा आटे. बाण काढून. रात्रीसुद्धा दिसेल अशी. माझ्यानंतर कोणीही साहेब आला तरी लांबूनच वाचेल. परत कुणाला काही विचारायची वेळ येणार नाही."

वायदंडेची बोटं चावीवर घट्ट झाली. तो कबरीकडे बघू लागला.

मी चाचांकडे बघितलं. चाचा साहेबांच्या पायांकडे बघत होते. पोटऱ्यांवरचा चिखल आता वाळत आला होता.

"कशी वाटली कल्पना?" साहेबांनी विचारलं.

"चांगली हाय," चाचा म्हणाले. "लाव की पाटी."

...

"पण रस्त्यावर नको लावू. खाली, खड्ड्याच्या तळाला लाव."